एका युनिटच्या आत

निवृत्तीच्या दिवशी लॉगबुकाची उरलेली कोरी पानं
मी घरी आणली होती.
त्यातलं पहिलं आज उघडलं.
वर छापलेलंच आहे: तारीख, पाळी, लोड.
पाळी खोडली.

फ्रिज, बारा व्होल्टचा, छोटा: पाचशे चाळीस.
त्यात मंदाचं इन्सुलिन, म्हणून तो पहिला.
पंखा दहा तास: अडीचशे.
दोन दिवे, पाण्याचा पंप, मोबाइल: धरा एकशे दहा.
बेरीज नऊशे वॅट-तास.
बॅटरी दोन रात्रींची, ढग आले तर.
म्हणजे आमचं अख्खं घर
एका युनिटच्या आत बसतं.

कोराडीत युनिट म्हणजे
दोनशे दहा मेगावॅटचं धूड,
शेजारी उभं राहून बोललं
तर आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नसे.
एकतीस वर्षं मी त्याची राख काढली.
क्वार्टरमध्ये मंदा वाळलेले कपडे
आधी झटकायची, मग घडी घालायची.
इकडे मानेवाड्यात राख येत नाही.
अजूनही झटकते.

ट्रेलर वाडीला उभा आहे, गजभियेच्या शेडमध्ये.
टप दहा फूट बाय सहा.
प्रशीक वर चढून खडूनं चौकोन आखतो.
"काका, हवेची खिडकी कुठी ठेवू?"
मधोमध, म्हटलं.
"मंग चारले तिची सावली पडन ना जी पॅनेलवर.
हातभर सावली, अन् अर्धा करंट गुल."
पोरगं पंचविशीचं. सावलीची किंमत
कुठं शिकलं, विचारलं नाही.
खिडकी मागे सरकली.

सगळे म्हणतात, नागपूरचं ऊन,
तुम्हाला काय कमी!
त्यांना कसं सांगू,
पॅनेललाही ऊन लागतं.
मे महिन्यात काच सत्तर अंशांवर जाते,
तीनशेतीसमधले साठ तिथेच वजा.
म्हणून प्रशीकला सांगितलं, पत्र्याला चिकटवू नको,
खाली चार बोटं जागा सोड.
आपण खिशात कांदा ठेवतो,
याच्या खिशात वारा.

रात्री मंदाला नकाशा दाखवला.
चष्मा लावून तिनं बराच वेळ पाहिला.
"यात झाड कुठे आहे?"
झाड कशाला?
"नवेगावला तळ्याकाठी राहायचं ना?
मग मी काय तुमच्या पॅनेलसोबत उन्हात बसू?"

खरंच की.
ट्रेलर सावलीत हवा, पॅनेल उन्हात,
अन् दोघांना मी एकाच टपावर बांधलेलं.

पान उलटलं.
एक पॅनेल टपावरून खाली उतरवलं,
त्याला दुमडते पाय दिले,
दहा मीटर वायर, सहा स्क्वेअरची, लाल अन् काळी.
वायरच्या या टोकाला झाड काढलं.
मला झाड काढता येत नाही,
ट्रान्सफॉर्मरसारखं दिसलं.
मंदानं पेन घेऊन त्याखाली दोन खुर्च्या काढल्या.
माझी जराशी उन्हात.

पहिली चाचणी दारातच,
घराची लाइन न जोडता, दोघं ट्रेलरमध्ये झोपून.
इन्सुलिन अजून घरातच.
इथल्या फ्रिजमध्ये पाण्याची बाटली अन् थर्मामीटर.
पहाटे तीनला जाग आली, रात्रपाळीची सवय.
टॉर्च मारला: चार अंश.
बॅटरी एकाहत्तर टक्के.
कंप्रेसर चालू आहे की नाही
कळायला कान लावावा लागला.

"आलं का युनिट सर्व्हिसमध्ये?"
अंधारातून मंदा.

आलं, म्हटलं,
अन् झोपण्याआधी चादर झटकली.