चौथा खिळा

भाडं साडेपाच हजार, लाईटबिल वेगळं,
आणि रविवारीसुद्धा अंडं नाही,
हे हुक्केरी काकूंनी जिन्यातच उरकलं.
किल्ली हातात ठेवता ठेवता
खरी अट आठवल्यासारखं म्हणाल्या,
"आणि भिंतीला खिळा मारायचा न्हाई हं.
गिलावा लगेच पडतोय."

राजारामपुरी, बारावी गल्ली,
झेरॉक्सच्या दुकानावर तिसरा मजला.
जाहिरातीत 'स्टुडिओ' छापलं होतं.
आजऱ्याला फोनवर मी 'फ्लॅट' सांगितलं.
आई आली, दारात उभी राहिली,
चपला न काढताच विचारलं,
"बाकीचं कुठाय?"

बाकीचं हेच.
गादीवर पडल्या पडल्या गॅस बंद करता येतो.
कपाट उघडलं की न्हाणी उघडत नाही,
दोघांची पाळी लावून दिलीय.

लक्ष्मीपुरीतून पडद्याचं कापड आणलं, पिवळं.
खिडकी मी माझ्या वितीनं मोजलेली,
दुकानदारानं कापलं त्याच्या.
उरलेलं घनसाळ तांदळाच्या डब्यावर घातलं,
डबा आता पाहुण्यासारखा बसतो.
शिरोलीच्या फाउंड्रीत
ज्याच्यावर मीच 'रिजेक्ट' लिहिलं
तो पंपाचा तुकडा सुपरवायझरला विचारून उचलून आणला.
त्याच्या ब्लोहोलमध्ये उदबत्ती
अगदी बरोबर उभी राहते.

खिळे आधीचे तीन.
एक दारावर, इतका उंच
की त्यावर फक्त कोळी काही टांगू शकतो.
एक खिडकीशी, माझ्या पिशवीला.
आणि एक कट्ट्याच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा वर.
कुणा शहाण्यानं मारला असेल?
दोन ओढण्या फाटल्या त्याच्यापायी.

आरसा मात्र तीन आठवडे जमिनीवर.
त्यात नुसते माझे पाय राहत होते.
घरी आरसा दादाच्या दाढीच्या उंचीला होता.
मी त्यात भुवयांपासून वर मोठी झाले.
टिकली लावायची ती अंदाजानं,
हसायचं तेही.

मग आषाढातला शुक्रवार आला.
गल्लीतून टेंबलाईला पाणी निघालं,
डोईवर कळशा, मधे कडुलिंब,
पी… ढबाक. पी… ढबाक.
मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले,
कपाळापाशी बोट ठेवलं, वळले.
पी-ला श्वास.
ढबाकला बत्ता.
आठ ढबाकांत काम झालं.
रुपयाएवढा गिलावा पडला,
तो टूथपेस्टनं भरून काढला.

रविवारी काकू मीटरचा आकडा घेऊन वर आल्या.
बोलता बोलता आरशासमोर थांबल्या,
टाचा उचलून पदर सारखा केला.
"चार होते व्हय? मला तीनच आठवत्यात."
"चारच होते, काकू."
"असतील."

जाताना वाकल्या,
खालच्या खिळ्यावर बोट फिरवलं,
धूळ बघितल्यासारखं.
"ह्यो डकऱ्यांच्या पोरीचा. दप्तराला.
तिचं तिनंच मारला की, भर दुपारी.
मी जरा पडलो होतो, उठून वर आलो.
आवाज आला नसता तर
कशाला बोललो असतो?"

तिघं होती म्हणे. सात वर्षं.

त्या रात्री मी झोपल्या झोपल्या
तिघांना झोपवून बघितलं.
एकाला खिडकीखाली, एकाला कट्ट्याशी.
तिसऱ्याचे पाय न्हाणीत जात होते.
मग पोरीला आडवी घातली, सगळ्यांच्या पायथ्याशी,
आणि जमलं.

आता किल्ली त्या खिळ्यावर असते.
घ्यायला रोज वाकावं लागतं.
वाकले की आरशातून मी जाते
आणि तेवढा वेळ त्यात
सगळा पडदाच पडदा,
पिवळा,
एका वितीनं जास्त.