उरी

जिन्याखाली, एक्स-रेच्या खोलीला चिकटून
माझी खोली. पाटी कानडीत;
खाली कुणीतरी खडूनं मराठीत लिहिलेलं
ते पुसत पुसत गेलं.
बायका वाट चुकल्यासारखं करून येतात,
"डोळं तपासायचं हितंच का ओ?"
मी म्हणते, हितंच. बसा.

एकोणीस वर्षं संकेश्वरात हेच काम.
विचारायचं,
आणि विचारलंच नाही असं वाटू द्यायचं.

या आजाराला इथं सरळ नाव नाही.
गडहिंग्लजकडची म्हणते, धुपतंय.
हुक्केरीची म्हणते बिळी सेरगू,
पांढरा पदर.
एवढं देखणं नाव कुणी ठेवलं असेल,
कुठल्या रात्री, दात आवळून?
तिसरी नुसतं म्हणते, उरी.
कानडीत उरी म्हणजे जळजळ, लघवीच्या जागची.
माझ्या मराठी कानाला ते पहिल्या वर्षी
छातीत ऐकू यायचं.
एकीला तर मी ईसीजीला धाडलं होतं.

बायाक्का मिरचीच्या वखारीत देठं खुडते.
तिला वाटलं, तिखटाचा हात लागला असेल.
दोन महिने तेच धरून बसली.
खोबरेल लावलं, ताक प्याली,
दुकानातनं गोळ्या आणल्या,
दोन दिवसांत बरं वाटलं तशा उरलेल्या
देव्हाऱ्यामागं ठेवल्या, पुढच्या वेळेला.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं.
एक हिरवं पाकीट, एक राखाडी.
पोटात काही घालून ये, माझ्यासमोर गीळ.
रक्त दे.
आणि हे दुसरं राखाडी, नवऱ्याचं.

तिनं हात मागं घेतला.
"त्येला काय म्हणून दिऊ?"

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.
मी फक्त हिशेब सांगते:
एकटीनं घेतलंस तर महिन्यात पुन्हा याच खुर्चीत.

पहिल्यांदा तिनं पाकीट परत आणलं, न फोडलेलं,
हळदीच्या डब्यात लपवलेलं, कडा पिवळ्या.
दुसऱ्यांदा आजार परत आणला.
मग मी चिठ्ठी दिली.
नाव नाही, आजार नाही. एक आकडा, आणि बुधवार.

बुधवारी तो आला.
कारखान्याच्या मळीचा टँकर चालवतो, हुबळी, गोवा.
खुर्चीवर अर्धाच टेकला.
"बायकोचं टॉनिक न्यायला आलोय."
मी म्हटलं, टॉनिक तुमचं आहे.
तो पंख्याकडं बघत राहिला. पंखा बंद होता.
नंतर बोलला, थोडं; ते इथं लिहिणार नाही.
गोळ्या मोजल्या. पाणी मागितलं.
गिळताना कंठमणी वर गेला
आणि बराच वेळ खाली आला नाही.

मग विचारलं, आधी मराठीत,
मला कळलं नसेल म्हणून पुन्हा कानडीत,
"कुणाकडनं कुणाला आलं?"

मी रजिस्टर कोऱ्या पानावर उघडून
त्याच्याकडं फिरवलं.
आकडा, वय, लक्षण, रक्त, पाकिटाचा रंग,
जोडीदार आला का.
त्यानं रकान्यांवरनं बोट फिरवलं, दोनदा.
तो विचारत होता तो रकाना
छापलेलाच नाही.

सात दिवस वेगळं निजा, म्हटलं.
पुढंही हे वापरा, आणि शर्टाच्या खिशात ठेवू नका,
दिसतं.
तो पहिल्यांदाच हसला, खालच्या फरशीकडं बघून.

दोघांचं रक्त चांगलं निघालं. सगळ्यांचं निघत नाही.

परवा बाजारात बायाक्का तराजूवर बसलेली,
पदर नाकाला, सगळीकडं मिरचीचा खकाणा.
तिनं ओळख दाखवली नाही. मीही नाही.
पावशेर मागितली.
तिनं तोलली, वर एक मूठ टाकली,
आणि सुटे पैसे देता देता, दुसरीकडं बघत,
"डोळ्याला हात लावू नगा, बाई.
लई उरी हुतीय."