उरलेला शब्द

पपा तासगावच्या बेदाणा बाजारात तोलाईला होते.
शुक्रवारचे सौदे उरकले की काटा पुसायचे,
मापं उतरत्या क्रमानं लावायचे
आणि मूठभर बेदाणा घरी आणायचे.
नमुन्यातला नव्हे, विकतचा. पावती खिशात.

आई तो पाण्यात घालायची.
फुगला की कुस्करून फडक्यातून गाळायची.
द्राक्षांच्या गावात आमच्या शब्बाथला हे शरबत,
कान तुटलेल्या चांदीच्या पेल्यात.
मग दिवा, मग डोळ्यांवर हात.
ओठ हिब्रूत हलायचे,
मधेच मराठीत: पोराला गणित येऊ दे.

शनिवारी पपा काट्याला शिवत नसत.
कोरेशेठ पहिल्या वर्षी चिडले.
दुसऱ्या वर्षी म्हणाले, झिराडकर,
तुमच्या देवाला नेमका मोठ्या आवकेचाच वार सापडला?
पपा म्हणाले, सहा दिवस त्यानंही तोलाईच केली असणार,
उजेड एका पारड्यात, अंधार दुसऱ्या.
सातव्या दिवशी हात पुसले.
शेठ हसले नाहीत.
शनिवारपुरता दुसरा माणूस बघितला.

शेजारची शकू विचारायची, तुमचा देव्हारा कुठाय?
मी पश्चिमेची भिंत दाखवायचे.
त्या दिशेला यरुशलेम.
नुसता चुना. कॅलेंडरलाही खिळा नाही.
शकू बराच वेळ बघायची, मग हात जोडायची.
अगं, भिंतीला नको, आई म्हणायची.
मग कशाला?
त्या दिवशी आईची भाकरी करपली.

पपांच्या वर्षाच्या दिवशी कद्दीश म्हणायचं होतं.
मेलेल्यासाठी म्हणतात, पण त्यात मरणाचा शब्दही नाही,
नुसती देवाची थोरवी.
त्याला दहा पुरुष लागतात.
बाया धरत नाहीत. बीएस्सी झालेली मी
चहाचे कप मोजत होते.

पुण्याहून चौघं आले, ठाण्याहून तिघं,
मिरजेच्या दवाखान्यातून रहामीमकाका, आणि माझा भाऊ.
माणसं आकड्यानं मोजू नयेत,
म्हणून काकांनी दहा शब्दांचं वचन घेतलं,
एकेका डोक्यावर एकेक शब्द ठेवत गेले.
शेवटचा शब्द 'सर्वकाळ'.
तो कुणावरच पडला नाही.

दहावे हनोखमामा अलिबागहून निघालेले.
कऱ्हाडच्या अलीकडं एसटी बंद पडली, फोन आला.
आम्ही थांबलो. ऊन भिंतीवरून उतरलं.
आमचा दिवस सांजेला सुरू होतो,
पपांचा संपत चालला होता.

दारात कोरेशेठ. टोपी होतीच डोक्यावर.
चपला काढून म्हणाले, एक कमी पडतोय म्हणं.
मी उभा राहू?
काका जरा वेळानं म्हणाले,
राहा शेठ. पण धरता येणार नाही तुम्हाला.
नका धरू, शेठ म्हणाले.
तीस वर्षं त्यानं माझा माल तोलला, कधी काटा मारला नाही.
नुसता उभा राहतो.

कद्दीश झालं नाही.
काकांनी स्तोत्रं वाचली, भावाचा आवाज दोनदा अडकला.
शेठ भलत्याच जागी आमेन म्हणत राहिले,
आम्ही त्यांच्यामागून म्हणत गेलो.

मामा रात्री साडेनऊला पोचले,
हातात पोह्यांची पिशवी, मलिद्यासाठी.
कुणी काही बोललं नाही. आईनं ताट वाढलं.

शेठ तेव्हाच निघाले होते.
जाताना त्यांनी चौकट चाचपली,
पपांना रोज करताना पाहिलं होतं तशी,
आणि बोटं ओठांना लावली.
मेझुझा उजवीकडं असते.
त्यांनी डावी चौकट धरली होती.