पोचलं काय?

निपाणीत आक्काताई दिवसाला हजार विड्या वळायची.
तेंदूचं पान भिजवून, कात्रीनं मापात कापून,
चिमटीत जर्दा, मग गुंडाळी, मग दोरा.
घट्ट झाली तर ओढवत नाही,
सैल झाली तर वाटेतच सांडते.
हे मी सहाव्या वर्षी शिकले.
पुन्हा शिकले चौतिसाव्या वर्षी,
बेळगावात, काकतीच्या रस्त्यावरच्या प्रयोगशाळेत.
हातात जर्द्याऐवजी एक जनुक होतं.

जनुक ऋण, पॉलिमर धन,
दोघं बिलगतात, बारीक गोळी होते.
पेशी ती गिळते, काही न विचारता.
पण गिळलं म्हणजे घरात घेतलं असं नव्हे.
आत एक पिशवी, पिशवीत आंबटाण;
बरीच तिथंच विरतात.
जी पिशवी फोडून निसटतात
ती येऊन थांबतात केंद्रकाच्या भिंतीपाशी.

भिंतीला दारं हजारो, आणि एकही उघडं नाही.
ज्या पेशी एकीच्या दोन होतात त्या बऱ्या,
होताना स्वतःच भिंत उतरवतात,
घटकाभर सगळं आवार मोकळं.
आमच्या पेशी स्नायूच्या. त्या दोन होत नाहीत.
शेजारच्या गंगूबाईच्या नातवाच्या पायात आहेत तसल्या.
पोटऱ्या दिसायला पैलवानाच्या,
पोराला जिन्याच्या तीन पायऱ्या होत नाहीत.

सावंत्री हुक्केरी म्हणाली, गोळीला चिठ्ठी बांधू.
सात अमिनो आम्लं,
एका विषाणूकडून उसनी आणलेली.
"काय लिहिलंय त्यात?"
"ओळगे," म्हणाली. आत.
एवढंच?
एवढंच.
आमच्याकडं पाटीवर कुठली लिपी वर
यावरून दगड पडलेत,
माझ्या काकाच्या दुकानाची काच दोनदा गेली,
एकदा यांच्याकडून, एकदा त्यांच्याकडून.
इथं सात अक्षरं, लिपी कुठलीच नाही, नुसता भार.
दारावरचा वाहक ती चाचपतो
आणि हाताला धरून नेतो.

सगळ्यांना नाही नेत.
अठ्ठेचाळीस तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली काळोख,
काच सरकवली, काळोख,
सरकवली, आणि एक पेशी हिरवी,
कार्तिकात कुणी एकच पणती लावून विसरावी तशी.
सावंत्रीनं रात्री अकरापर्यंत मोजलं.
चिठ्ठीशिवाय हजारात चार.
चिठ्ठीसकट एकोणीस.

शनिवारी निपाणीला गेले.
आक्काताईला आता दोरा दिसत नाही,
तरी सूप मांडीवर लागतंच.
"पोचलं काय गे तुझं ते?"
"हजारात एकोणीस."
ती बराच वेळ गप्प.
"कारखान्यात हजारात एवढी छाट काढायचा मुकादम.
उरलेल्याचे पैसे द्यायचा.
तुझं उलटंच की."

मग सुपातलं एक पान माझ्या हातात दिलं. वळ बघू.
वळली.
तिनं बोटांत फिरवून पाहिली.
"घट्ट," म्हणाली,
आणि दोरा सोडला.