किती भरली

आबा शनिवारी सुतळीनं दंड मोजायचे
थोरल्याचा, तालमीतनं आला की.
गाठ बोटभर पुढं सरकली
की आईला हाक : उद्यापासनं पाव लिटर जादा घाल गं.
माझा दंड कुणी मोजला नाही.
मोजायला शिकले ती बावड्याच्या ट्रेनिंगात, चाळिशीत,
पट्टीवर तीन रंग, हिरवा पिवळा तांबडा.
डावा हात. खांदा नि कोपराच्या बरोबर मध्ये.
आवळायची नाही, सैल सोडायची नाही.

वडणग्यात गुऱ्हाळामागं वीसेक खोपी.
काहिलीची वाफ केसांत बसते, पदरात बसते.
रस्त्यानं दुधाचा टँकर मुंबईला चाललेला,
आणि उभ्या ट्रॅक्टरच्या मागं रंगवलेलं : जगात भारी.
त्या अक्षरांखाली, चाकाच्या सावलीत
शिवकन्या. कांडं चोखत.
माशी ओठावर बसली तरी हात उचलत नाही.

वय?
सत्वशीला विचारात पडते.
"मागल्या पट्ट्यात झाली. का त्याच्या मागल्या...
कारखान्याचा भोंगा झाला अन् ही झाली."
जोतिबाच्या यात्रेच्या किती आधी?
"यात्रंला आमी हितं कुठं असतो, ताई."

काटा सात किलोवर थांबतो.
चौदा महिन्यांची धरली तर पिवळी,
दोन वर्षांची धरली तर तांबड्याच्याही पार खाली.
वर तक्त्यात वळत जाणारी रेघ.
ती म्हणे लांबलांबच्या पोरांवरनं काढली,
मस्कत, ऑस्लो, आक्रा, दिल्लीचीही होती त्यात,
अंगावर पिणारी, आई बिडी न ओढणारी.
ट्रेनिंगात मी विचारलं होतं, आमच्या वडणग्याची कोण होती हो?
सगळ्या हसल्या.
मॅडम म्हणाल्या, पोट भरलं, दुखणं टळलं
की पाच वर्षांपर्यंत पोर कुठलंही असो, तेवढंच वाढतं.
मग कुणी हसलं नाही.

पाय दाखव गं.
दोन्ही पावलांवर अंगठा, एक, दोन, तीन.
खळगा राहिला तर ते अंग नव्हे, पाणी.
खळगा नाही.
काजळीत तेवढा माझा अंगठा उमटला.

आता पट्टी.
अकरा पूर्णांक चार.
साडेअकराला एक बारकी रेघ कमी,
उसाच्या पानाची धार जाड असेल तिच्यापेक्षा.
परवाच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले होते,
तुमच्याकडं तांबडी फार निघतात हो, बाई.
बोट जरासं सैल सोडलं की ही पिवळी,
मग खाऊचं पाकीट, सही, पुढची खोप.
तांबडी लिहिली तर दवाखान्यात चौदा दिवस.
चौदा दिवस एक कोयता बंद,
आणि मुकादम चौदा दिवस गप्प बसणार नाही.
माझं बोट पट्टीवर तसंच.

सत्वशीला माझ्या बोटाकडं बघते,
कारखान्यावर काट्याकडं बघत असावी तशी.
"कालची खेप सतरा टन भरली.
ही किती भरली, ताई?"
आणि मी काही बोलायच्या आत, हसून :
"काटा मारू नगा बरं.
तिकडं मारत्यात तेवढं बास झालं."

पट्टी सोडली. मध्य पुन्हा शोधला,
टोकापासनं टोकापर्यंत, पेननं ठिपका केला.
पोरगी तेवढ्यात माझ्या बांगडीशी खेळायला लागली,
एवढंच बळ, पण लागली.
पुन्हा लावली.
अकरा चार.

फोनला रेंज नव्हती. वहीत निळ्या शाईनं लिहिलं,
वयाचा रकाना तसाच मोकळा.
त्यांच्या गावच्या सेविकेचा नंबर सत्वशीलाला ठाऊक नाही,
गावाचं नाव तेवढं लिहून घेतलं.
पोरीला तिच्या कडेवर दिलं,
चपला झटकल्या,
आणि मुकादम कुठल्या फडात आहे
ते विचारत निघाले.