मूठ

बावीस वर्षांचा काळा पट्टा
कडेकडेने पांढरा पडलाय.
हिवाळी ब्लँकेटांखाली ठेवून दिला.
उजवा गुडघा लाथेला नाही म्हणतो;
डॉक्टरीणबाई एक्स-रे उजेडाला धरून
नुसत्याच हसल्या.

ज्युदोच्या हॉलमध्ये डोकावले. सगळी पोरंच.
तलवारबाजीची फी ऐकून जिना उतरले.
मग फाफे गावाच्या वर, द्राक्षवेलींमागच्या खळ्यावर
अदेरितो. वय एक्क्याऐंशी, पायांत रबरी बूट.
त्याने चेस्टनटची काठी माझ्याकडे फेकली.

मी धरली, जशी मूठ वळावी:
बोटं आत, अंगठा वरून घट्ट.
"गळा नको आवळूस तिचा.
शेळीचं दूध काढलंयस कधी?"
नाही.
"मग अवघड आहे."

सवयीने कमरेत वाकले, वंदनाला.
तेवढ्यात पोटरीवर टोला.
"इथं नजर खाली नाही करायची."

बावीस वर्षं झाकलेली,
म्हणून सव्वा लाखाची.
आज उघडली, तर आत
नखांच्या चार चंद्रकोरी, घाम,
आणि काठी मावेल
एवढीच मोकळी जागा.

उतरताना काठी परत द्यायला गेले.
"ने घरी," म्हणाला. "दाराशी ठेव.
गुरुवारी ये. आणि तो पांढरा पायजमा नको,
खळ्यावर शेण असतं."