निळी दोरी

चांथाबुरीत डिसेंबर कोरडा.
थोंगयिप मावशीने बुंध्याखालचा पाला झाडून नेला,
माती उघडी टाकली उन्हात,
पाणी तोडलं आणि पंपाची किल्ली कमरेला खोचली.
"घसा सुकल्याशिवाय ड्युरियनला आठवत नाही
की आपल्याला फुलायचंय."

मग रोज सकाळी फांदीच्या पोटाखाली
मान वाकडी करून बघणं.
आधी माशाची अंडी,
मग खेकड्याचे डोळे,
मग गोल, टपोरे कळे.
नावं इथली, तिच्या आईच्याही आधीची.
मी वहीत फक्त तारखा लिहिते.

फुलं उमलतात कलत्या उन्हात,
पराग सुटतो साडेसातला, नेमका जेवायच्या वेळी.
वटवाघळं येतात,
पण मावशी त्यांच्या भरवशावर नाही.
सारेथ चढतो.
कपाळावर दिवा, दातांत ब्रश,
खिशातल्या डबीत दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग,
कारण स्वतःचा स्वतःला फारसा मानवत नाही.
सीमेपलीकडून आलेला माणूस
परक्या झाडाचं पिवळं बोट
एकेका फुलाला लावत जातो
आणि वरून कंबोडियातलं काहीतरी गुणगुणतो.
खाली मी.
अंगावर पाकळ्या पडतात, जाड, ओलसर,
नासू लागलेल्या दुधाच्या वासाच्या.
सकाळी त्याच वेचून लसणीवर परतल्या.

फांद्यांवर उरल्या सरड्याच्या शेपट्या.
त्यातल्या निम्म्या आठवड्यात पिवळ्या पडून गळाल्या.
मावशी पाणी सोडायची ते
आजाऱ्याला पेज पाजावी तसं,
आज दोन बादल्या, परवा तीन.
एकदम पाजलं तर झाड हात झटकून मोकळं होतं.

फेब्रुवारीत अवेळी पाऊस आला
आणि पालवी फुटली.
तांबूस, कोवळी, बघत राहावी अशी.
मावशीचा चेहरा उतरला.
"पान आणि फळ एका ताटात बसले
की पान उपाशी उठत नाही."
रातोरात फवारणी केली, पालवी आवरायला.
तरी पहाटे झाडाखाली दोनशे बारा,
अंड्याएवढी, काटे अजून मऊ.
मी मोजली. तिने विचारलं नाही.

उरलेली मग आम्हीच काढली.
तो वर, ती खाली बांबू रोखून:
टोकाचं काढ.
जोडीतलं धाकटं काढ.
ते वाकडं, हो तेच, काढ.
धप्. धप्.
"झाड गाळतंच. आपण फक्त त्याच्याआधी ठरवतो,
एवढाच आपला माज."

राखलेल्यांना दोऱ्या बांधल्या.
पहिल्या बहराला लाल, दुसऱ्याला पिवळी,
कुठलं कधी उतरवायचं ते दोरीवरून कळावं म्हणून.

एप्रिलात मला उत्तरेकडच्या झाडावर
निळी दिसली.
निळी आमच्या वहीत नव्हतीच.
दोरीखाली तेच वाकडं,
एका अंगाने फुगलेलं, दुसऱ्या अंगाने चेपलेलं,
दाढ सुजलेल्या माणसासारखं.
मी बोलले नाही.
मावशी रोज त्याच झाडाखालून जायची.
तीही बोलली नाही.

व्यापाऱ्याच्या माणसाने काठीने ठोकून ठोकून
माल निवडला, ट्रक भरला,
वाकडं पायाने बाजूला सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सारेथची गाडी होती गावाकडे.
रात्री मावशीने स्वतः सुरी घेतली.
पाच कप्पे.
दोन भरलेले, लोण्यासारखे.
तीन कोरे, नुसती पांढरी भिंत.

तो बराच वेळ कोऱ्या कप्प्यांकडे बघत होता.
"त्या रात्री इथेच पाय घसरला माझा.
अर्ध्या फुलालाच ब्रश लागला.
काढ म्हणालात तुम्ही,
पण अर्धवट माझ्याकडून राहिलं होतं ना."

मावशीने पहिला गर त्याच्या हातावर ठेवला,
दुसरा माझ्या.
स्वतः बी चोखत बसली.
मी वही उघडली. रकाना नव्हता.
समासात लिहिलं: निळी, एक.

"पुढच्या वर्षी," मावशी म्हणाली,
सुरी पुसता पुसता,
"त्या फांदीवर आधी पाय रोव.
मग ब्रश."